शिलाईचे दिवस, गोळीचे दिवस

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेनऊ.

दूध उतू जाता जाता वाचवलं, ते झाकून ठेवलं, मग मशीनच्या पोटातला कापसाचा कचरा जुन्या टूथब्रशने काढला, दोन थेंब तेल सोडलं, ह्यांचे दोन शर्ट दोरीवर टाकले आणि तिथूनच ओरडून विचारलं, गोळी घेतलीत का. आतून आवाज आला, घेतली गं, किती वेळा विचारशील. मग मी केर काढला. त्या सकाळी ह्यापलीकडे काही वेगळं झालं नाही. अकरा वाजता मी काज करत होते आणि हे कटिंगच्या टेबलाशी स्टुलावर बसले होते. पाणी दे म्हणाले. मी पाणी घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं.

आज त्याला दोन वर्षं झाली.

नंतर पंधरा दिवसांनी खडूचा डबा उघडला तर खडूच्या तुकड्यांखाली सतरा गोळ्या. रोज 'घेतली गं' म्हणणाऱ्या माणसाच्या सतरा गोळ्या. मी कुणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही. ती अजून म्हणते, बाबांना गोळ्यांनी दगा दिला. म्हणू दे. गेलेल्या माणसाची लाज झाकायला अस्तर लागत नाही, आपलं तोंड मिटलं की पुरतं.

पण मी त्यातली नाही. ऑक्टोबरात माझ्याही हृदयाच्या नळीत जाळी बसवली, स्टेंट म्हणतात तो. जाळीवाल्या डॉक्टरने बजावलं, आजी, नव्या जाळीला रक्तातल्या पेशी चिकटतात, त्या चिकटू नयेत म्हणून ही गुलाबी गोळी. वर्षभर रोज एक. एक दिवस चुकवायची नाही, मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. चुकवलीत तर जाळी बंद, आणि जाळी बंद म्हणजे तुम्ही बंद. (आजी म्हणाला. मी त्रेसष्टची आहे.) इतर चार गोळ्या आहेत, पण खरी मालकीण ही गुलाबी. क्लोपिडोग्रेल. मी स्पेलिंगसकट पाठ केलंय.

संकल्प: मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर रोजची नोंद. म्हणजे कुणाला शंका नको. कुणाला म्हणजे मलाच, दुसरं वाचणार कोण.

गोळी घेतली. साडेआठ.

४ फेब्रुवारी, बुधवार.

गोळी घेतली.

मेडिकल कॉलेजचा स्टोअरवाला आला होता. चाळीस पांढरे कोट, नव्या डॉक्टर मुलांसाठी, ७ मार्चपर्यंत. बोलताना त्याची नजर कटिंगच्या टेबलावर. विचारलं, बाई, कटिंग कोण करणार. मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, बघा हं, जमत नसेल तर सांगा, रेडीमेड ढिगाने मिळतात.

रेडीमेड हा शब्द आमच्या घरात चाळीस वर्षं कुणी उच्चारला नव्हता. ऑर्डर घेतली.

ह्यांच्या मागे लोक माझ्याकडे येतात ते चेन बदलायला आणि पँट आखूड करायला. कापणारा गेला म्हणजे दुकान गेलं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. आता कळेल.

लेकीचा नऊचा फोन. गोळी? घेतली. मग कोटांचं सांगितलं. ती म्हणाली, आई, तुला कशाला हा उद्योग, जाळी बसवलीय तुला, शिक्का नाही मारलाय गॅरंटीचा. मी म्हटलं, बसून राहिले तर गंजेन.

हिशेब: रोज दोन कोट. वीस दिवसांत सगळे तयार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी.

गोळी घेतली. त्याचाच हा प्रताप.

कॉलर हाताने टाचत होते. सुई टोचली. सुई मला पन्नास वर्षं टोचतेय, तिचं-माझं काही भांडण नाही. पूर्वी बोट तोंडात घालून काढेपर्यंत रक्त थांबायचं. आज थांबेना. वीस मिनिटं फडकं दाबून बसले. दरम्यान कोटाच्या पुढच्या पल्ल्यावर तीन थेंब.

शिंप्याचा जुना उपाय: आपलं रक्त आपल्याच थुंकीने निघतं. पांढऱ्या दोऱ्याचा गोळा तोंडात ओला करायचा आणि डागावर टिपायचा. एका थेंबाला लागू आहे. तीन थेंबांना तोंड कोरडं पडलं. पल्ला फुकट गेला.

लेक फोनवर म्हणाली, अंगुस्तान घाल ना बोटात. तिला काय सांगायचं, अंगुस्तान घातलं की बोट बहिरं होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार.

गोळी घेतली. दंडावर दोन निळे डाग आहेत, कुठे आपटले ते आठवत नाही.

खोक्यातलं पत्रक काढून भिंग घेऊन बसले. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. दोन तास लागले, पण मी सोडलं नाही. शाळा माझी चौथीला सुटली. मी पुढे वाचायला शिकले ती कागदी बाह्यांवर. हे जुन्या पेपरांचे नमुने कापायचे, मी हातात धरून वाचायचे. बातमी मुंढ्यापाशी तुटायची. कोण निवडून आलं, चोर सापडला की नाही, ते दुसऱ्या बाहीवर, आणि ती बाही कधीच सापडायची नाही. मग उरलेलं मी मनाने लावायचे. बहुतेक वेळा बरोबर निघत असणार.

पत्रकात लिहिलंय की गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम पाचेक दिवस शरीरात राहतो. पुढे ऑपरेशनबद्दल काहीतरी आहे. ते माझ्या कामाचं नाही.

पाच दिवस! मग रोज कशाला? एकदा भरलेली टाकी पाच दिवस पुरत असेल तर रोज नळ उघडायचा कशासाठी? डॉक्टर रोज सांगतात, कारण लोक विसरतात. रोज सांगितलं तर निदान दोन दिवसांनी तरी घेतात. मी विसरणाऱ्यातली नाही.

नवी पद्धत: सोम, बुध, शुक्र शिलाईचे दिवस. बाकीचे गोळीचे दिवस. शिलाईच्या दिवशी रक्त घट्ट, कापड स्वच्छ. गोळीच्या दिवशी कापणं, इस्त्री, बटणं निवडणं. हे चुकवणं नव्हे. ही आखणी आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

गोळी घेतली (गोळीचा दिवस).

काल शिलाईचा दिवस होता. दोनदा सुई लागली, दोन्ही वेळा रक्त लवकर थांबलं. म्हणजे पद्धत बरोबर. लवकर म्हणजे दहा मिनिटांत.

काल लेकीने विचारलं, गोळ्या झाल्या का. झाल्या म्हटलं. चार झाल्याच होत्या. कोणकोणत्या ते तिने विचारलं नाही.

कोट तयार: चार. ठरल्याप्रमाणे बारा व्हायला हवे होते, पण सुरुवातीला हात बसायला वेळ लागतोच.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

आज गोळीचा दिवस होता, पण गोळी सोडून शिवावं लागलं. कारण परवा सहा कोटांचे पुढचे पल्ले कापले आणि सहाच्या सहा जोड्या डाव्याच निघाल्या. बारा डावे पल्ले. बटणं कुठे लावायची, पाठीला? कापड घडी घालूनच आलं होतं चुकीचं. हे असते तर म्हणाले असते, घडी उलगडून बघायचं डोकं कुणाचं. बरं झालं, नाहीत ते. म्हणजे तसं नव्हे.

टेबलाच्या त्यांच्या बाजूला उभं राहिलं की कात्री आपोआप वाकडी जाते. आता मी माझ्या बाजूने कापते. पोहोचत नाही, पण कापते.

१६ फेब्रुवारी, सोमवार.

काल रविवार, गोळी घेतली. आता नवी आखणी. कोट झाले नऊ. वेळ गेलाय, पण निर्धार वाढलाय. आजपासून रोज शिलाई, आणि गोळी फक्त रविवारी. पाच दिवस परिणाम राहतो, शुक्रवारपर्यंत आलो. उरला शनिवार. एका शनिवारने कुणी मरत नाही.

दंडावरचे निळे डाग गेले. शरीर आभार मानतंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

चौदा कोट.

डावा हात जड वाटतो. इस्त्रीमुळे. इस्त्री मी उजव्या हाताने धरते हे खरं, पण कापड डाव्यानेच ताणावं लागतं ना.

लेक म्हणाली, आवाज दमल्यासारखा येतोय. म्हटलं, फोन जुना झालाय.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.

पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड आणायला बाहेर पडले, तर औषधवाल्याने दुकानातून हाक मारली. भला माणूस, पण फार नीटनेटका, सगळं कॉम्प्युटरवर. म्हणाला, मावशी, तुमची गुलाबी पट्टी सोळा तारखेला संपायला हवी होती, आज एकवीस. मी म्हटलं, आहेत अजून. तो म्हणाला, पंधरा गोळ्यांच्या पट्टीला पिल्लं झाली का मग?

मी म्हटलं, दुसऱ्या दुकानातून घेतली. तो म्हणाला, कोणत्या? मी म्हटलं, तिकडच्या. तो म्हणाला, तिकडे तर चपलांचं दुकान आहे.

मग आवाज खाली करून म्हणाला, मावशी, ही गोळी तापाची नव्हे, बरं वाटलं की सोडली. रक्त फार येत असेल तर डॉक्टरला सांगा, ते बघतील काय करायचं, पण आपल्या मनाने नका थांबवू. माझ्या काउंटरवरून दोन माणसं अशी गेलीत.

मला राग आला. मी पत्रक वाचलेली बाई आहे. त्याला म्हटलं, तू गोळ्या विक, अक्कल नको विकूस. नवी पट्टी घेतली आणि आले. त्याच्या चेहऱ्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

ब्लेड राहिलंच.

२२ फेब्रुवारी, रविवार.

लेक न सांगता येऊन दारात उभी! त्या औषधवाल्याने फोन केला की काय? नाही, सहज आले म्हणाली. सहज कुणी दोन तास बसमध्ये बसत नाही.

ती हात धुवायला आत गेली तेवढ्यात मी दोन्ही पट्ट्या काढल्या. तारखेप्रमाणे जेवढ्या जायला हव्या होत्या तेवढ्या दाबून बाहेर काढल्या. दहा निघाल्या. कुठे ठेवायच्या? टेबलावर खडूचा डबा होता. झाकणाला हात लावला. मग नको वाटलं. बॉबिनच्या पेटीत टाकल्या.

माझं वेगळं आहे. ह्यांनी लपवल्या कारण त्यांना कंटाळा होता. माझ्यामागे पद्धत आहे, ऑर्डर आहे, तारीख आहे. एक मार्चपासून मी रोज घेणारच आहे. त्यांच्यापाशी अशी काही तारीख होती का? असेलही. ते कुठे वही लिहीत होते.

लेकीने पट्टी पाहिली, बोटाने रिकामे कप्पे मोजले आणि एकदम माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, आई, तू बाबांसारखी नाहीस. निदान तू तरी मला फसवणार नाहीस. मी विचारलं, बाबांनी काय फसवलं? ती म्हणाली, न सांगता गेले ना.

तिच्यासमोर आजची घेतली. रविवारच होता.

जाताना म्हणाली, कोट परत कर गं. मी म्हटलं, वीसच्या वर झाले. अठरा झाले होते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

बावीस. हात बसलाय. सकाळी सात ते संध्याकाळी सात. सुई लागली तर ओठावर टिपते आणि पुढे जाते. डाग एकही नाही.

पाण्याची बादली उचलताना जबड्यात कळ आली. दात असणार. डाव्या बाजूची दाढ. ती चार वर्षांपूर्वी काढली, पण मूळ राहिलं असेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.

सत्तावीस. जिन्याच्या पंधरा पायऱ्या, आठव्या पायरीवर बसले. वरच्या बाई म्हणाल्या, काय हो, काय झालं? म्हटलं, बटण शोधतेय. त्यासुद्धा बसून शोधू लागल्या बिचाऱ्या. दहा मिनिटं आम्ही दोघी नसलेलं बटण शोधत होतो. तेवढ्यात दम परत आला. त्यांना मात्र एक जुनी केसांची पिन सापडली.

गॅस झालाय. पोट साफ हवं.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी चार.

एकतीस. उरले नऊ, हातात पूर्ण आठवडा. खरं म्हणजे इतकी घाई केली नसती तरी चाललं असतं.

एकतीस कोट दोरीवर ओळीने टांगले. ह्यांच्या हातच्या कोटाला खांदा असतो, माझ्या कोटांना नुसती बाही आहे. पण लांबून कळत नाही.

छाती जड. पाणी प्यायले. पडून राहिले. उठले.

उद्या एक तारीख. उद्यापासून रोज, साडेआठ वाजता, मरेपर्यंत एकही चुकवणार नाही. पट्टी मशीनवर काढून ठेवली, समोरच.

३ मार्च, मंगळवार. हॉस्पिटल.

रविवारी सकाळी सात वाजता आलं. साडेआठपर्यंत थांबलं नाही.

छातीवर कुणी मशीन ठेवल्यासारखं. घामाने पोलकं भिजलं. फोन हातात घेतला. लेकीला लावला नाही. तिचा पहिला प्रश्न मला पाठ होता. औषधाच्या कागदी पिशवीवर औषधवाल्याचा नंबर छापलेला असतो, तो लावला. त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि स्वतः बरोबर बसला. वाटेत म्हणाला, मावशी, मला एकच सांगा, बंद केली होतीत ना? मी डोळे मिटून घेतले. त्याने परत विचारलं नाही. हॉस्पिटलात दारापाशी माझ्या चपला हातात धरून उभा होता, लेक आली तेव्हा तिच्याकडे चपला देऊन निघून गेला.

त्याच जाळीत गुठळी झाली होती. साफ केली म्हणे. हृदयाचा एक कोपरा आता पूर्वीसारखा चालणार नाही.

काल संध्याकाळी जाळीवाला डॉक्टर कॉटशी आला. म्हणाला, आजी, गुलाबी गोळी एखाद दिवस तरी चुकली होती का, आठवून सांगा. मी तोंड उघडायच्या आत लेकच म्हणाली, छे हो डॉक्टर, मी रोज नऊला फोन करते. पट्टी मी स्वतः मोजलीय. आई मरेल पण चुकवणार नाही.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी सलाईनकडे बघितलं.

तो म्हणाला, मग तुमच्या शरीरावर ह्या गोळीचा परिणाम होत नाही असं धरून चालावं लागेल. आता दुसरी देऊ, जास्त जोराची, दिवसातून दोनदा. रक्त आणखी येईल. तुम्हाला शिवणकाम सोडावं लागेल कदाचित. पण दुसरा मार्ग दिसत नाही.

तो गेल्यावर लेक रडली. म्हणाली, बाबांच्या वेळीही असंच. रोज घेऊनही गेले. ह्या गोळ्यांवर विश्वास तरी कसा ठेवायचा, उद्या मला लागल्या तर मी घेणारच नाही.

पाणी दे म्हटलं. तिने दिलं.

आज ती घरी जाऊन माझे कपडे, चष्मा आणि ही वही घेऊन आली. मापाची वही, कोटांचं काही बघायचं असेल तर, म्हणाली. मागची पानं तिने पाहिली नाहीत. पाहिली असती तर इतक्या प्रेमाने उशाशी ठेवली नसती. स्टोअरवाल्याला तिने फोन केला होता. तो म्हणाला, काकूंना सांगा काळजी नको, एकतीस नेले, नऊ रेडीमेड घेतले. सगळे एकत्र गठ्ठ्यात गेले, कोणता कुठला ते आता ओळखूसुद्धा येत नाही.

ठरवलं आहे: काही बोलायचं नाही. नवी गोळी नियमाने घ्यायची. झालं ते झालं. आता सांगून हृदयाचा कोपरा थोडाच परत मिळणार? आणि लेकीचा माझ्यावर विश्वास आहे तो कशाला उसवायचा. उसवलेलं पुन्हा शिवलं तरी जुनी भोकं दिसतातच. हा माझा पक्का निर्णय आहे.

लेक खाली चहाला गेलीय. तेवढ्यात वही पहिल्यापासून वाचली. ज्या दिवशी घेतली त्या दिवसांपुढे पेन्सिलने टिंब केलं. मग टिंबं मोजली. परत मोजली.

५ मार्च, गुरुवार.

काल सकाळी जाळीवाला डॉक्टर राउंडला आला. लेक खुर्चीत बसून मोसंबं सोलत होती. मी तिच्याकडे बघूनच डॉक्टरला सांगितलं की त्या रविवारच्या आधीच्या एकवीस दिवसांत ती गोळी मी पाच वेळा घेतली.